आधी वाट मोजा, मग भाला: बारूद नसलेल्या कोकणासाठी पायदळ कसं रचावं

काल्पनिक जग लिहायला किंवा पटावर मांडायला बसलं, की बहुतेकांची सुरुवात शस्त्रापासून होते. आधी तलवारीचं नाव ठरतं, मग मुठीवरची नक्षी, आणि ती चालवायची कुठे हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. कोकणात हा क्रम चालत नाही. सहा मीटरचे भाले घेतलेली फौज पाखाडीत, म्हणजे गावातल्या अरुंद दगडी पायवाटेत, वळू शकत नाही, शिंग आणि तात (जनावराचे स्नायुतंतू) चिकटवून केलेली धनुष्यं आषाढात सुटतात आणि घोडा भातखाचरात पोटापर्यंत रुततो. इथे शस्त्र ठरतं ते वाटेची रुंदी, पाऊस आणि भरती यांवरून. म्हणून कागदावर पहिल्यांदा नकाशा काढा, त्याच्याशेजारी पंचांग ठेवा आणि मगच लोहाराकडे जा.

बारूद काढली की आणखी काय जातं

बारूद का नाही, हे एका वाक्यात ठरवा. सोपं कारण म्हणजे सोरा सापडत नाही, किंवा सापडला तरी तो शुद्ध करायची रीत कुणाला ठाऊक नाही. कोळसा आणि गंधक कितीही असले तरी सोऱ्याशिवाय स्फोट होत नाही.

मात्र सतराव्या शतकातलं पायदळ जसंच्या तसं उचलून त्याच्या हातातली बंदूक तेवढी काढून घेतली, तर जमत नाही. त्या काळच्या हलक्या पोशाखामागे उकाडा आणि घाट आहेतच, पण गोळीपुढे जड चिलखताचा भाव उतरला होता हेही आहे. बंदूक नसेल तर चिलखताला पुन्हा किंमत येते. फिरंग तलवारीचं पातं युरोपातून यायचं. तुमच्या जगात समुद्रापलीकडचा तो व्यापार नसेल तर फिरंगही नाही. त्याच न्यायाने मिरची आणि काजूही नाहीत, कारण दोन्ही पोर्तुगिजांबरोबर आले. सैनिकाच्या कालवणात मिरी आणि तिरफळ घाला.

आग मात्र शिल्लक राहते. झापांनी शाकारलेली घरं, सुकं गवत, तेल आणि राळ हे सगळं आहेच. पण पेटते बाण लिहिताना जपून. वेगाने सुटलेल्या बाणावरची ज्वाळा वाऱ्याने विझते. ती टिकवायची तर टोकाला तेलाचा बोळा बांधून बाण जड करावा लागतो आणि धनुष्य अर्धंच ओढावं लागतं, त्यामुळे पल्ला निम्म्यावर येतो. वैशाखात याचा उपयोग आहे, श्रावणात शून्य.

वाट मोजा

सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यात बहुतेक ठिकाणी ४० ते ६० किलोमीटर जमीन आहे. फौजेला हे दोन-तीन मजलांचं अंतर, पण एवढ्यात लढाईची जमीन चार वेळा बदलते. घाटाची वाट एकेरी असते. खाली गावांत जांभ्याच्या गडग्यांमधून, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणांमधून, जाणाऱ्या पाखाड्या आणि पाणंदी दीड ते दोन मीटर रुंद असतात. गावावरचा सडा म्हणजे उघडा कातळ. तिथे दूरवर दिसतं, पण खुंटी ठोकता येत नाही, खंदक खणता येत नाही आणि फाल्गुनानंतर प्यायला पाणी नसतं. किनाऱ्याकडे खाजण (खाऱ्या पाण्याची दलदल), कांदळवन आणि खाडीचा चिखल. प्रत्येक जमिनीसाठी एकच प्रश्न विचारा: इथे शेजारी-शेजारी किती माणसं उभी राहतील? घाटात १, पाखाडीत २, बांधावर १, सड्यावर शंभर.

यातून गणित निघतं. ६०० माणसं घाट चढताहेत, माणशी २ मीटर जागा धरली तर रांग १२०० मीटरची होते. ओझ्यासकट चढणीवर वेग ताशी २ किलोमीटर. म्हणजे पुढचा माणूस ज्या वळणावर आहे तिथे शेवटचा माणूस ३६ मिनिटांनी पोचणार. वाट पुढून अडवली तर मागच्या पाचशेंना लढाई दिसतही नाही. ते फक्त थांबतात, बसतात आणि कुजबुजायला लागतात. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत मुघल सरदार कारतलबखानाची फौज शिवाजी महाराजांच्या लोकांनी अशीच दोन्ही टोकांना कोंडली आणि खानाला सामान टाकून वाट मागावी लागली. तुमच्या कथेत हल्लेखोर थोडे आणि कोंडलेले पुष्कळ असतील तर वाचक मान डोलावतो. मात्र रांग किती लांब आणि आवाज कुठवर जातो हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. दाट झाडीत आणि पावसात माणसाची हाक ५० मीटरवरही भरवशाची नाही. घाटासाठी शिंग, गलबतासाठी शंख ठेवा आणि खुणा तीनच ठरवा: थांबा, मागे फिरा, तुटून पडा. चौथी खूण घाबरलेल्या माणसाला आठवत नाही.

भाला: दोन मापं, एक बांबू

मुख्य शस्त्र भालाच. पण कुठल्या मापाचा? मॅसिडोनियाच्या पायदळाकडे साडेचार ते साडेसहा मीटरचे भाले होते आणि सपाट रानात त्यांच्यासमोर कुणी टिकत नसे. तरी इसवी सनपूर्व १९७ मध्ये ग्रीसमधल्या कायनोसेफेलीच्या टेकड्यांवर ती रचना मोडली, कारण उंचसखल जमिनीवर रांगांत फटी पडल्या आणि रोमन माणसं त्या फटींतून आत शिरली. कोकणात तर फटींशिवाय जमीनच नाही. इथे दोन मापं पुरतात: पाखाडी, बाग आणि होडीसाठी २.४ मीटर, सडा आणि तटासाठी ३.५ मीटर.

दांड्यासाठी माणगा वापरा. हा कोकणातला बिनकाटेरी बांबू जवळजवळ भरीव असतो आणि तीन-साडेतीन सेंटिमीटर जाडीत सरळ मिळतो. ३० मिलिमीटर जाडीचा २.४ मीटर दांडा साधारण १.१ किलो भरतो, पात्यासकट भाला दीड किलोच्या आत राहतो. ३.५ मीटरचा दांडा थोडा जाड घ्यावा लागतो आणि एकटा दोन किलोच्या घरात जातो. तो एका हाताने चालवता येत नाही, म्हणून लांब भालाईताकडे ढाल नसते. हे ध्यानात न ठेवता त्याच्या डाव्या हातात ढाल देणारे लेखक पुष्कळ आहेत.

तयारीचा क्रम असा:

१. तीन ते चार वर्षांची काठी पाऊस संपल्यावर, कार्तिक ते पौषात तोडा. एका वर्षाच्या कोवळ्या काठीत पिठूळपणा जास्त. तिला घुण लागतो आणि वैशाखात हात लावला की भुगा गळतो.

२. तोडलेली काठी पानांसकट आठवडाभर उभी ठेवा, मग वाहत्या पाण्यात तीन-चार आठवडे बुडवा. पाण्याने आतलं पीठ निघून जातं.

३. पूर्ण सुकण्याआधी विस्तवावर धरून वाकलेली पेरं सरळ करा. सुकल्यावर हा उद्योग केला तर काठी तडकते.

४. सावलीत दोन महिने सुकवा, उंडीचं किंवा करंजाचं तेल चोळा, आणि वापर नसेल तेव्हा चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवा.

५. बुंध्याकडची जाड बाजू मागे, शेंड्याकडची पुढे. उलटं केलं तर भाल्याचं नाक सारखं खाली जातं आणि दहा मिनिटांत मनगट भरून येतं.

पातं बसवण्यातच बहुतेक चुका होतात. बांबू उभा चिरतो. म्हणून दांड्यात घुसणाऱ्या शेपटीचं पातं नको. दांड्यावर टोपीसारखी चढणारी नळी हवी. नळीच्या खाली चार बोटं अंबाडीच्या सुतळीचे घट्ट वेढे देऊन त्यावर लाख फिरवा. आरपार खिळा मारायचाच असेल तर पेराच्या गाठीलगत. दोन गाठींच्या मध्ये मारलेला खिळा पहिल्या धक्क्याला काठी उभी फाडतो. मागच्या टोकाला लोखंडी शेंबी द्या. तिने तोल सावरतो, कातळावर बांबू झिजत नाही, आणि पुढचं पातं तुटलं तरी भालाईत रिकाम्या हाती राहत नाही.

लोखंडाचा हिशोब

तलवार सगळ्यांना द्यायचा मोह आवरा. भाल्याच्या पात्याला २५० ग्रॅम लोखंड लागतं, शेंबीला १००, कोयत्याला ७००. म्हणजे एका माणसामागे एक किलोच्या जरा वर, हजार माणसांना साधारण १ टन. त्याच हजारांना तलवार आणि दहा किलोचं कड्यांचं चिलखत दिलंत तर आकडा ११-१२ टनांवर जातो. भट्टीतून निघालेला लोखंडाचा गोळा ठोकून साफ करताना त्यातला मोठा हिस्सा मळी होऊन उडतो, आणि कोळसा खनिजाच्या बरोबरीने किंवा जास्त जळतो. रेडीसारख्या ठिकाणी लोहखनिज आहे, पण त्या भट्ट्यांसाठी मागचा डोंगर किती वर्षं उघडा बोडका राहील? हा प्रश्न तुमच्या जगाच्या राजकारणात आला तर कथानक आपोआप सापडतं: जंगल कुणाचं, देवराईला हात लावायचा की नाही, कोळसा पाडणाऱ्यांना कुणी राखायचं.

कोयता हेच खरं दुय्यम शस्त्र. तो घरोघरी आहे, कमरेमागच्या आकडीत अडकवून दोन्ही हात मोकळे राहतात, आणि चालवायला शिकवावं लागत नाही. तो वाट साफ करतो, फाटी तोडतो, नारळ सोलतो. भोसकायला मात्र निकामी, कारण टोक आत वळलेलं असतं. म्हणून कोयत्याची मारामारी लिहिताना घाव वरून खाली किंवा आत ओढून घेतलेला असावा. ढालीची कड आत ओढायला हे वळण फार कामाचं आहे. शेजारचा भालाईत तेवढ्या फटीतून भाला घुसवतो. तलवारी शंभरातल्या पाच जणांकडे ठेवा. दांडपट्टा त्याहून कमी. तो फिरवायला चारी बाजूंनी दोन-दोन मीटर जागा लागते, आणि पाखाडीत तो आधी आपल्याच माणसाला लागेल.

ढाल आणि काथ्याचं चिलखत

कातड्याची ढाल पावसात भिजून मऊ पडते, तिला बुरशी येते. तिच्याऐवजी वेताची विणलेली गोल ढाल घ्या, ५५ सेंटिमीटर व्यासाची, मध्ये लोखंडी वाटी, कडेला कातड्याची पट्टी, आणि वरून राळ-तेलाचे दोन हात. वजन सव्वादोन किलोच्या आसपास. वेत घाव परतवत नाही, गिळतो; पातं त्यात अडकतं. हे फायद्याचं आहे, पण चार-पाच घावांनंतर ढाल टाकावी लागते. म्हणून सामानात दर तीन ढालींमागे एक जादा धरा.

चिलखतासाठी कापसाची गोधडी सगळ्यांना सुचते. कोरड्या देशावर ती उत्तम. इथे भिजली की वजन दुप्पट होतं आणि चार दिवस वाळत नाही. कोकणाने आपल्या अंगणात बघावं: काथ्या. प्रशांत महासागरातल्या किरिबाती बेटांवर नारळाच्या काथ्याचं जाड विणलेलं चिलखत खरोखर वापरात होतं, शार्कच्या दातांनी मढवलेल्या शस्त्रांपासून अंग वाचवायला. काथ्या खाऱ्या पाण्यात कुजत नाही आणि विणीतून वारा खेळतो. एका सोडणातून, म्हणजे एका नारळाच्या सालीतून, ८० ते ९० ग्रॅम काथ्या निघतो, म्हणजे ४ किलोच्या अंगरख्याला पन्नासेक नारळ. हजार माणसांना पन्नास हजार सोडणं. आकडा मोठा वाटतो, पण किनाऱ्यावरच्या माडांना तो जड नाही. खरी अडचण वेळेची. सोडणं खाडीच्या पाण्यात सहा ते दहा महिने कुजवावी लागतात. दसऱ्याला फौज हवी असेल तर सोडणं आदल्या दिवाळीच्या आगेमागे पुरलेली हवीत. शत्रूच्या हेराने खाडीकाठचे कुजवणीचे खड्डे मोजून पुढच्या वर्षीची फौज किती ते सांगावं, हा प्रसंग आमच्याकडून फुकट.

काथ्या कापणारा घाव अडवतो. भाल्याची टोच आणि जवळून मारलेला जड बाण अडवत नाही. छातीवर लाकडी किंवा लोखंडी फळी शिवून घेतली तर निभावतं. पेटत्या तेलापुढे मात्र हे चिलखत घालणाऱ्याचा घात करतं.

लांबून मारा

धनुष्याचा पहिला शत्रू पाऊस. शिंग, लाकूड आणि तात सरसाने जोडलेलं धनुष्य घोडेस्वाराला सोयीचं, पण सरस हवेतला ओलावा पितो आणि जोड सैल होतात. लाखेचा लेप देऊन काही आठवडे निघतील, चार महिने नाहीत. पायदळाला अखंड बांबूचं, माणसाच्या उंचीएवढं धनुष्य द्या, २५ ते ३० किलो ओढीचं. इंग्लंडच्या ‘मेरी रोझ’ या १५४५ मध्ये बुडालेल्या जहाजावर सापडलेल्या धनुष्यांची ओढ अंदाजे ४५ ते ८० किलो होती, पण तशी धनुष्यं ओढायला लहानपणापासूनचा सराव आणि त्याला साजेसा खुराक लागतो. शेतावरून आलेला माणूस एका हंगामात तिथे पोचत नाही.

दोरीला मेण चोळा, दोन जादा दोऱ्या पागोट्यात ठेवा. पिसं लाखेने चिकटवून वरून दोरा गुंडाळा. भिजलेली पिसं चपटी होतात आणि बाण भरकटतो. पावसात पल्ला आणि नेम दोन्ही निम्मे धरा. बाणांचा हिशोबही करून ठेवा: १०० तिरंदाज, प्रत्येकी २४ बाण, मिनिटाला ६. चार मिनिटांत २४०० बाण संपले. पुढच्या चार मिनिटांसाठी ४५ ग्रॅमचे आणखी २४०० बाण म्हणजे १०८ किलो, चार-पाच हमालांचं ओझं. ज्या गोष्टीत बाण संपतच नाहीत ती गोष्ट हमालांना विसरलेली असते.

गोफण कोकणाला बाणापेक्षाही मानवते. राखणीला बसणाऱ्या पोरांच्या हातात ती आधीपासून आहे, भिजली तरी चालते, आणि तिला लोखंड लागत नाही. दगड मात्र जांभ्याचा नको. जांभा सच्छिद्र आणि खडबडीत असतो, सुटतानाच वळतो आणि आपटून फुटतो. घाटातून येणाऱ्या नद्यांच्या पात्रातले काळ्या दगडाचे गुळगुळीत गोटे घ्या, ४० ते ६० ग्रॅमचे. नदी लांब असेल तर भाजलेल्या मातीच्या गोळ्या. सगळ्या एका वजनाच्या झाल्या की नेम सुधारतो. दोन गोफणवाल्यांत किमान ३ मीटर अंतर आणि वर फांदी नको. म्हणजे गोफण सड्यावर आणि तटावर.

बागेतली बागही वेगळी धरा. माडाच्या बागेत झाडं सात-आठ मीटरवर असतात, खाली मोकळं असतं, बाणाला वाट मिळते. पोफळीच्या बागेत झाडाझाडांत पावणेतीन मीटर. तिथे लांब भाला फिरत नाही, बाण खोडात जातो आणि काम कोयत्याचं होतं. एकाच गावात शंभर पावलांवर शस्त्र बदलावं लागतं.

दहा जणांची तुकडी

दहाची तुकडी पाखाडीच्या मापाने बांधा: चार ढाल-भालाईत, दोन लांब भालाईत, दोन तिरंदाज, एक वाटाड्या कोयता आणि कुऱ्हाडीसह, आणि नाईक. अशा पाच तुकड्यांवर हवालदार. पाखाडीत दोघे ढाल लावून पुढे, त्यांच्या खांद्यांमधून लांब भाल्यांची टोकं, मग उरलेले दोघे ढालवाले. तिरंदाज गडग्यावर चढतात किंवा गडग्यापलीकडून चालतात. सगळ्यांच्या मागे उभे राहून त्यांना काही दिसत नाही.

दमलेल्यांना मागे घेणं ही पाखाडीतली सगळ्यात कठीण गोष्ट. दोन मीटरमध्ये चार माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. उपाय एकच: बदली गडग्यातल्या बेड्यापाशी, म्हणजे ये-जा करायला ठेवलेल्या फटीपाशी, करायची. पुढचे दोघे बेड्यातून बाजूला होतात, मागचे दोघे पुढे येतात. लढणाऱ्या नाईकाला आपल्या मागचं बेडं किती पावलांवर आहे ते ठाऊक हवं. गावकऱ्यांना ते ठाऊक असतं, परक्या फौजेला नसतं. गाव राखणारे थोडे असूनही का टिकतात, याचं उत्तर शौर्याआधी इथे शोधा.

खाचर आणि उघाडी

लावणीनंतरच्या खाचरात चिखल गुडघ्याएवढा असतो. तिथे रांग टिकत नाही, जड माणूस आधी रुततो. १४१५ मध्ये फ्रान्समधल्या अजिंकूरला फ्रेंच सरदार नांगरलेल्या ओल्या शेतातून चिलखतासह चालत गेले आणि लढाईच्या जागी पोचेपर्यंत निम्मे दमले होते. चिखलणी करणारा शेतकरी अनवाणी पाय तिरका उचलतो, त्यामुळे तो निघतो. जाड वहाणा तिथेच राहतात. बचावाची जागा ओल्या खाचरांच्या मागे घ्या. शत्रूला बांधांवरूनच यावं लागेल आणि बांधावर एका वेळी एकच माणूस. समोर तीन बांध असतील तर हजारांच्या फौजेतले तिघेच तुमच्याशी लढताहेत. दिवाळीनंतर तीच जमीन कडक होते आणि हा सगळा फायदा जातो. तारीख न देता खाचरातली लढाई लिहू नका.

चिखलात टाकलेले लोखंडी गोखरू (पायात रुतणारे काटे) बुडून जातात. तिथे बांबूचे टोक भाजलेले सुळे तिरके रोवा. गोखरू पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर पाचोळ्याखाली.

खाडीकाठच्या खारजमिनीला बांध असतो आणि त्यात उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार. भरतीच्या वेळी ती उघडी ठेवली की खारं पाणी आत घुसतं आणि फौजेची वाट बुडते. पण खाऱ्या पाण्याने जमीन बिघडते आणि पुढची पिकं हातची जातात. उघाडी काढायचा हुकूम देणाऱ्याला गाव सहज माफ करणार नाही.

भरतीचं गणित

तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला ३ वाजता पूर्ण भरती, म्हणून ९ च्या सुमारास पूर्ण ओहोटी. हा किनाऱ्यावरचा जुना आडाखा. मुंबई-अलिबागकडे चांगला जुळतो, दक्षिणेकडे वेळ थोडी अलीकडे सरकते. रोज भरती सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी.

यातून एक गोष्ट निघते जी फार थोडे लेखक वापरतात. उधाणाची सर्वांत खोल ओहोटी या किनाऱ्यावर नेहमी पहाटे आणि संध्याकाळी येते, साधारण पाच ते साडेसातच्या दरम्यान. म्हणजे खाडी पायी ओलांडायचा हल्ला उजाडताना किंवा मावळताना होणार; भर दुपारी नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत जाता येतं. असा किल्ला दिवसातून दोनदा बेट होतो आणि दोनदा नाही. पहारे त्या वेळांना बदलू नका.

४०० मीटर पात्र, दोन ओळींत ६०० माणसं, चिखलात वेग ताशी दीड किलोमीटर. पहिल्याला १६ मिनिटं, शेवटचा पलीकडे पोचेपर्यंत ४०. ओहोटीची चालण्याजोगी वेळ २ तास धरली आणि परतायला पुन्हा ४० मिनिटं राखली, तर पलीकडे लढायला ४० मिनिटंच उरतात. सेनापतीने हे मोजलेलं नसेल तर त्याचं सैन्य बुडेल. आणि तुमच्या जगात दोन चंद्र असतील तर हा आडाखा टाका आणि स्वतःचं कोष्टक करा. ते काम कंटाळवाणं आहे, पण नुसते शोभेचे दोन चंद्र त्याहून वाईट.

होडीतून उतरण्याचा क्षण सगळ्यात कच्चा: कमरेएवढं पाणी, एक हात होडीच्या काठाला, ढाल पाठीवर. बचाव करणाऱ्यांनी त्याच पट्ट्यात जुनी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) दगड बांधून बुडवून ठेवावी. पाय आणि वल्ही दोन्ही अडकतात. तोफा नाहीत म्हणून समुद्रावरची लढाईही पायदळाचीच. गलबत गलबताला भिडतं, आणि ज्याची डेक उंच त्याचा भाला खाली मारतो. विटा, म्हणजे दोरी बांधलेला फेकायचा भाला, इथे शोभतो: फेका, ओढा, पुन्हा फेका. दोरी काथ्याची घ्या.

गड

तोफ नसेल तर तट उंच आणि तुलनेने पातळ चालतो. तोफांचे गाळे नकोत, जंग्या (तटातली मारा करायची भोकं) मात्र हव्यात, खाली रोखलेल्या. गोमुखी, म्हणजे वळणाआड लपलेला, दरवाजा ठेवा. ओंडक्याने धडक द्यायला लागणारी सरळ धाव तो मिळू देत नाही. क्रॉसबो असेल तर इथेच. मळसूत्राने ताणायचा जड क्रॉसबो मिनिटाला एक-दोनदाच सुटतो, पण तटामागे घाई नसते. जलदुर्गाचा जीव पाण्यात: सिंधुदुर्गावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या विहिरी आहेत म्हणून तो वेढ्यात टिकू शकतो. वेढा घालणाऱ्याची होडी पावसात समुद्रात राहत नाही. म्हणून जलदुर्गाचा वेढा नारळी पौर्णिमेनंतर बसतो आणि ज्येष्ठात उठतो, कुणी जिंकलं नसलं तरी.

ओझं आणि शिदोरी

भाला १.५, कोयता ०.८, ढाल २.३, अंगरखा ४, शिरस्त्राण १, पाच दिवसांचं धान्य ५, पाणी २, घोंगडी २. एकूण १८.६ किलो; घाटासाठी हे ठीक, २५ च्या वर गेलात तर चढणीवर रांग तुटते. तांदूळ शिजवायला सुकी फाटी लागतात आणि धूर दिसतो. पावसाळी मोहिमेत पोहे, सुकी मासळी आणि सोलं (सुकवलेलं कोकम) द्या. पावसात अंगावर इरलं, म्हणजे पानांचं पाठ झाकणारं आच्छादन. लावणीच्या दिवसांत इरलं घेतलेली पन्नास माणसं शेतात वाकलेली दिसली तर लांबून कुणालाही शंका येत नाही.

लिहून झाल्यावर तपासा

२.४ मीटरची काठी घ्या आणि खऱ्या पाखाडीत खांद्यावरून मागे वळवून बघा, मग ३.५ मीटरची. कोपर गडग्याला घासलं की प्रसंग कुठे खोटा आहे ते कळेल. प्रत्येक लढाईच्या समासात तिथी, महिना आणि वाटेची रुंदी लिहा. तिन्हीपैकी एक जरी बदलून लढाई तशीच राहत असेल, तर ती लढाई कोकणात घडत नाहीये. ती पुन्हा लिहा. जखमींची मोजणीही करा. एका जखमीला घाटातून डोलीने न्यायला चार माणसं आणि बदलीला चार लागतात, म्हणजे सहाशेंच्या फौजेत ४० जखमी झाले की अर्ध्याहून जास्त फौज खांदेकरी होते. सेनापतीने त्यांना गावात ठेवायचं ठरवलं तर कोणत्या गावात, आणि उघाडी त्याच गावाची होती का, हे आधी बघून घ्या.